धुरजड आणि उलाळ : मेकॅनिक्समध्ये दोनदा राहिलेल्या एका पोराचं प्रकरण

वहीत दगड आपणहून चढ चढत होता.

गणित साधं होतं. २० अंशांच्या उतारावर ५० किलोचा ठोकळा ठेवलाय, घर्षणांक ०.५. तो घसरेल का, आणि घसरला तर त्वरण किती? पोरानं वजनाचा उताराच्या दिशेचा भाग काढला, १६८ न्यूटन. बरोबर. घर्षण काढलं, २३० न्यूटन. मग एकातून दुसरं वजा केलं, ५० नं भागलं आणि खाली दोन रेघा ओढून उत्तर लिहिलं : १.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग, दिशा उताराच्या वर.

"असं कुठं बघितलायस काय रे?"

"नाही, सर."

"मग लिहिलास कसं?"

"उत्तर तसं आलं की, सर."

त्याची चूक शंभरांतले साठ जण करतात असं मी म्हणणार होतो, पण मोजलेलं नाही. पुष्कळ जण करतात एवढं खरं. घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया हे सूत्र घर्षणाची कमाल ऐपत सांगतं. प्रत्यक्षात घर्षण मागेल तेवढंच देतं. ठोकळ्याला धरून ठेवायला १६८ लागतात, घर्षणाची ऐपत २३० ची, म्हणून ते १६८ देतं आणि ठोकळा जागचा हलत नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागली. "उत्तर तसं आलं" याला पाच महिने लागले, आणि हे प्रकरण त्या पाच महिन्यांचं आहे.

मी पेशानं मास्तर नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फाउंड्री (ओतकाम) आणि मशीन शॉपमध्ये २६ वर्षं काढली. आता टिळकवाडीत घरीच संध्याकाळी चार-पाच पोरांना मेकॅनिक्स शिकवतो. हा पोरगा नंदगडच्या पुढच्या एका गावचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग खानापुरात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून, मग बेळगावात मेकॅनिकल. पहिल्या वर्षाचा मेकॅनिक्स दोनदा राहिला. पहिल्यांदा १०० पैकी १९, नंतर २४. पास व्हायला पेपरात ३५ लागतात. पाच मोड्यूल, प्रत्येकातून दोनपैकी एक पूर्ण प्रश्न सोडवायचा, त्यामुळे एखादा धडा टाकून देऊन पुढं सरकायची सोय नाही. जुलैत आला, परीक्षा जानेवारीत होती.

आधी माझंच चुकलं

पहिल्या दिवशी मी मनात निदान करून टाकलं : इंग्रजी. आपल्या भागात हे निदान फार सोयीचं असतं. पोरगा मराठी शाळेतला, कॉलेजात शिकवणं इंग्रजीतून, वर्गातल्या दोस्तांशी बोलणं अर्ध्याहून अधिक कन्नडमध्ये. कुठंही अडलं की भाषेकडं बोट दाखवता येतं. मग भाषेवरून जे व्हायचं ते होतं, आणि गणित तिथंच पडून राहतं. ज्या विश्वेश्वरय्यांचं नाव आमच्या विद्यापीठाला आहे ते बंगळुरात बी.ए. करून अभियांत्रिकी शिकायला पुण्याला गेले होते. त्यांचं काही अडलं नाही. (अर्थात ते विश्वेश्वरय्या होते.)

भाषेची अडचण अजिबात नव्हती असंही नाही. 'स्मूथ वॉल' म्हणजे त्याला गिलावा केलेली गुळगुळीत भिंत वाटायची. मेकॅनिक्समध्ये तिचा अर्थ घर्षण शून्य, भिंत फक्त काटकोनात ढकलणार. 'लाइट रॉड' म्हटलं की हा विचारायचा, किती हलका? तिथं वजन धरायचंच नसतं. 'इम्पेंडिंग मोशन' हा शब्द तर त्यानं दोन वर्षं नुसता ओलांडला होता. मी म्हटलं, घसरायच्या बेतात. तो म्हणाला, "मग असं सांगायचं की!" असे वीसेक शब्द निघाले. आठवड्यात ते संपले.

मग मी भिंतीला टेकलेल्या शिडीचं गणित संपूर्ण मराठीत लिहून दिलं. एकही इंग्रजी शब्द नाही. पोरानं आधी केल्या होत्या त्याच चुका, त्याच क्रमानं केल्या.

साइन-कोसाइनही तपासलं. चोख होतं. तिथं मी थांबलो आणि त्याला म्हटलं, आता तू सोडवताना तोंडानं बोलत जा, मी मधे बोलणार नाही.

अकरा बाण

पहिलं वाक्य दर वेळी एकच : "हितं कुठला फॉर्म्युला बसतो?" शिडीला त्यानं लामीचं प्रमेय बसवलं. लामी तीन बलांपुरता. ती तिन्ही एका बिंदूतून जायला हवीत आणि वस्तू समतोलात हवी. इथं शिडीचं वजन, माणसाचं वजन, भिंतीचा रेटा, जमिनीचा रेटा आणि वर घर्षण. पण लामी त्याला पाठ होता, म्हणून लामी.

आकृतीत भिंत, जमीन, शिडी, माणूस सगळं एकत्र होतं आणि त्यावर बाण. मी मोजले, अकरा निघाले. माणूस शिडीला दाबतो तो बाण होता, शिडी माणसाला उचलून धरते तोही होता. शिडी जमिनीला रेटते तो होता, जमीन शिडीला रेटते तोही.

"यातले शिडीवरचे कुठले?"

"सगळे शिडीचेच की, सर. मी सगळे फोर्स दाखवलो."

इथं मला रोग सापडला. न्यूटनचा तिसरा नियम त्याला घोकून पाठ होता, पण क्रिया एका वस्तूवर आणि प्रतिक्रिया दुसऱ्या वस्तूवर असते, हा त्यातला जीव निसटलेला होता. दोन्ही एकाच आकृतीत घातली की ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात शून्य उरतं. कुणाची आकृती काढतोय हेच ठरवलेलं नाही, तर पुढचं सूत्र बरोबर असलं काय आणि चूक असलं काय.

एफबीडी, म्हणजे सुट्या वस्तूची आकृती, कॉलेजात शिकवतात. पण चार गुणांचा एक टप्पा म्हणून शिकवतात. पोरं आधी उत्तर काढतात आणि मग जागा राहिली तर एफबीडी काढतात. मी त्याला एका फाउंड्रीत नेलं. साच्यातून पॅटर्न, म्हणजे ज्याच्या आकाराचा साचा वाळूत उठवतात तो नमुना, काढताना दाखवला. वाळू चारी बाजूंनी पॅटर्नला चिकटलेली असते. तो हलक्या हातानं ठोकून सगळीकडून मोकळा करून मग सरळ वर उचलतात. मोल्डर घाई करतो तिथं वाळूचा कोपरा पॅटर्नबरोबर निघून येतो आणि साचा फुकट जातो. म्हटलं, तुझी शिडी अशी काढ. जिथं जिथं ती दुसऱ्या कशाला टेकली होती तिथून सोडव, आणि जिथं सोडवलीस तिथंच बाण घाल. कुठंच टेकली नव्हती तिथं बाण नाही. पृथ्वी न टेकता ओढते, तेवढा एक वजनाचा बाण जास्तीचा.

अकराचे पाच झाले. पण हे माझ्या सांगण्यावरून. स्वतःहून होईना.

जू उचलून बघणं

ऑगस्टात एका संध्याकाळी वीज गेली होती, अभ्यास बंद, गप्पा चालल्या होत्या. त्याच्या घरी ऊस आहे आणि अजून बैलगाडी आहे. मी सहज विचारलं, गाडी भरताना ऊस पुढं किती नि मागं किती, हे कसं ठरवता?

"बाबा जुपायच्या आधी जू खांद्यानं उचलून बघतात. लई जड लागलं तर गाडी धुरजड, दोन मोळ्या मागं सारायच्या. हलकंच लागलं तर उलाळ होणार, म्हंजे पुढून उचलून मागं कलणार, मग पुढं सारायच्या."

मला वाटतं वीज त्याच क्षणी आली असती तर गोष्टीत शोभलं असतं. ती साडेनऊला आली. तोवर आम्ही मेणबत्तीवर गाडी काढली.

गाडी सुटी केली. चाकांच्या आसापासून जू ३ मीटर पुढं. उसाचं वजन १२०० किलो, त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या १० सेंटीमीटर पुढं. रिकामी गाडी आसावर तोललेली आहे असं धरलं. गाडी कुठं टेकली आहे? आसावर आणि जुवावर (बैल सोडले की शिपायावर, म्हणजे पुढच्या टेक्यावर). आसाभोवती आघूर्ण (बल गुणिले अंतर) घेतले : १२०० गुणिले ०.१० भागिले ३. जुवावर ४० किलो. न्यूटनमध्ये हवे तर ९.८१ नं गुणा.

ऊस १५ सेंटीमीटर आणखी पुढं गेला तर? १०० किलो. बैलांच्या मानेला गाठी का येतात ते समोर आकड्यात आलं. आसाच्या ५ सेंटीमीटर मागं गेला तर? उणे २०. हा उणे बघून तो आधी दचकला, खोडायला निघाला. मग थांबून म्हणाला, "जू वर उचलतंय. सापती बैलाच्या गळ्याला काचणार." (सापती म्हणजे जू मानेवर धरून ठेवणारा पट्टा.) उणे चिन्हाचा अर्थ त्याला कुणीच आजवर असा सांगितला नव्हता, मीही नाही. २० किलोच्या दोन मोळ्या दीड मीटर मागं सारल्या तर जुवावरचे ४० चे २० होतात, हे त्यानं न विचारता काढलं.

त्याचे वडील खांद्यानं जे बघत होते ते आधाराची प्रतिक्रिया मोजणंच होतं. आघूर्णाच्या प्रमेयाचा वरिन्यॉन वगैरे मंडळी नंतर सावकाश आली.

पुढच्या खेपेला मी चढ घातला. त्यांच्या गावाबाहेर ओढ्यापाशी चढ आहे, तिथं भरली गाडी उलाळ होऊ नये म्हणून एक-दोन माणसं धुरेवर बसतात. उसाचा गुरुत्वमध्य आसाच्या १ मीटर वर धरला. बैलांची ओढ आसाच्या उंचीवरूनच आहे असं मी धरलं, गणित सोपं व्हावं म्हणून. उत्तर : दहा मीटरला एक मीटर असा चढ आला की वजनाची रेषा बरोबर आसातून जाते, त्याहून उभा चढ असेल तर जू उचलतं. सुबक उत्तर. मी खूश.

"सर, पण जू आसाच्या वर असतंय की."

हे त्याचं पहिलं वाक्य, ज्यात फॉर्म्युला नव्हता. मी माझ्या सोयीसाठी जी गाडी काढली होती तशी गाडी त्यानं कधी बघितली नव्हती, आणि ते त्याला आता खटकत होतं. मग जू आसाच्या ३० सेंटीमीटर वर धरलं. चढावर बैलांना वजनाचा उताराच्या दिशेचा भाग ओढावा लागतो, ती ओढ आसाच्या वरून आहे, म्हणून ती पुढचा भाग खाली दाबते. १ मीटरच्या जागी हिशोबात ७० सेंटीमीटर उरले. सीमा सरकली : सात मीटरला एक मीटर.

लगेच पुढचा प्रश्न आला. हंगामात उसाचे ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून जाताना दिसतात, तिथंही ओढ वरच्या हुकातून घेतली तर बरं का? उलटं. तीच ओढ ट्रॅक्टरला मागं खेचते. मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून हुक जितका वर, तितकं ट्रॅक्टरचं तोंड जास्त उचलणार. बल एकच, ट्रॉलीसाठी एक अर्थ, ट्रॅक्टरसाठी दुसरा. "म्हंजे कुणाची आकृती त्यावर हाय सगळं," तो म्हणाला. जुलैपासून मी हेच सांगत होतो, पण ते असू दे.

ट्रस फार चालला नाही. ट्रस म्हणजे कौलारू घराची कैची, आणि प्रत्येक सांधा सुटा करून बघायचा, एवढ्यावर तो धडा चार दिवसांत उरकला.

गतिकीत पुन्हा खड्डा

ऑक्टोबरात डायनॅमिक्स, म्हणजे गतिकी, काढला. प्रोजेक्टाइल (फेकलेल्या वस्तूची गणितं) वगैरे ठीक गेलं, ते पाठांतरानंही जातं. मग मी आमचीच गाडी सपाट रस्त्यावर आणली : बैल बुजून एकदम झटका देऊन सुटले, तर किती त्वरणाला जू उचलेल?

त्यानं गाडी नीट सुटी केली. वजन, आसाची प्रतिक्रिया, जुवाची ओढ. पाठ थोपटावी अशी आकृती. मग सवयीनं आसाभोवती आघूर्ण घेतले. वजन आसाच्या पुढं, पुढचा भाग दाबतं. ओढ आसाच्या वर, तीही दाबते. निष्कर्ष : जू कधीच उचलणार नाही, आणि बैल जितका झटका देतील तितकी गाडी जास्त धुरजड होईल.

तो वहीकडं बघत बसला. मी काही बोललो नाही. मग त्यानं त्या उत्तरावर स्वतःच काट मारली.

"हे खोटं हाय, सर. झटका दिला की गाडी मागंच जाते. मी बघितलोय."

या प्रकरणात मला लिहिण्यासारखं काही असेल तर हे. जुलैत याच पोरानं दगड चढावर चालवला होता आणि त्याला काही वाटलं नव्हतं.

चूक कुठं आहे हे शोधायला मात्र तीन संध्याकाळी गेल्या, कारण ती चूक चांगल्या चांगल्यांची होते. वस्तू स्थिर असेल तर आघूर्ण कुठल्याही बिंदूभोवती घ्या, बेरीज शून्यच. ही मुभा स्थितिकीची आहे. वस्तू त्वरणानं पळू लागली की, ती स्वतः फिरत नसली तरी, ही बेरीज नेमकी गुरुत्वमध्याभोवतीच शून्य येते. भलत्या बिंदूभोवती घेतलीत तर वस्तुमान गुणिले त्वरण याचा आघूर्णही हिशोबात धरावा लागतो. आस तर गाडीबरोबर पळतोय आणि गुरुत्वमध्य त्याच्या मीटरभर वर आहे. मग गुरुत्वमध्याभोवती घेऊ. आसाची प्रतिक्रिया त्याच्या १० सेंटीमीटर मागं, ती पुढचा भाग खाली दाबते. ओढीची रेषा त्याच्या ७० सेंटीमीटर खाली, ती पुढचा भाग उचलते. दोन्ही बरोबरीला येतात तेव्हा त्वरण गुरुत्व-त्वरणाच्या एक सप्तमांश, सुमारे १.४ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याहून जोराचा झटका, की गाडी उलाळ.

"चढावरबी सातच आलता," तो म्हणाला.

आलाच होता. गाडीवरच्या उसाला चढ आणि झटका यांतला फरक कळत नाही. त्वरणाच्या उलट दिशेला वस्तुमान गुणिले त्वरण एवढं काल्पनिक बल गुरुत्वमध्यावर बसवलं की गतिकीचं गणित स्थितिकीसारखं सोडवता येतं, आणि मग आसाभोवती आघूर्ण घेतले तरी चालतं. द'अलंबेरचं तत्त्व म्हणतात ते हेच. त्याचा गतिकीवरचा ग्रंथ १७४३ चा. पुस्तकात हे दीड पानात उरकतात आणि पोरं त्याला आणखी एक फॉर्म्युला समजतात.

पुढचे दोन आठवडे वाईट गेले. द'अलंबेर त्याला इतका आवडला की तो उलटं बल आकृतीतही घालायचा आणि समीकरणाच्या उजव्या बाजूला वस्तुमान गुणिले त्वरणही लिहायचा. एकच गोष्ट दोनदा. उत्तरं बरोबर निम्मी यायची. मी शेवटी सांगितलं, एका वहीत एकच पद्धत. दुसरी वापरायची तर दुसरी वही घे. खरंच दोन वह्या केल्या. हा उपाय शास्त्रशुद्ध नाही, पण लागू पडला.

काही गोष्टी जमल्या नाहीत त्या नाहीतच. घरंगळणाऱ्या चाकावर घर्षण पुढं की मागं, यात तो अजून दोनदा बरोबर नि एकदा चूक असतो. जडत्व-आघूर्णाची समाकलनं त्यानं रट्टा मारून केली आणि मी करू दिली. जानेवारी तोंडावर होता.

पेपरात ५२ पडले. एका प्रश्नाचं उत्तर चुकलं असताना त्यानं खाली लिहून ठेवलं होतं म्हणे, की हे उत्तर शक्य नाही, चिन्ह कुठंतरी चुकलंय, वेळ संपला. तपासणाऱ्यानं त्याला काही दिलं की नाही कुणास ठाऊक.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला, गावाकडून. त्यांची गाडी टायरची. जू आसाच्या ४२ सेंटीमीटर वर निघालं, माझे ३० चूक. शिवाय, "सर, वजनाचा सेंटर आसाच्या एक मीटर वर, हे तुम्ही कुठनं आणला?" मी हवेतून आणला होता, तसं कबूल केलं. त्यानं मोजायची युक्ती काढली होती. भरलेल्या गाडीचं जू स्प्रिंग काट्याला टांगायचं, सपाट असताना वाचायचं. मग जू २० सेंटीमीटर वर उचलून पुन्हा वाचायचं. जू उचलल्यावर गुरुत्वमध्य मागं सरकतो, किती सरकला हे त्याच्या उंचीवर अवलंबून, म्हणून दोन वाचनांच्या फरकातून उंची निघते. सपाटीला ३६ किलो आले, उचलल्यावर १२. कारखान्याच्या काट्याची पावती आली तेव्हा चाकं वगळून गाडी आणि ऊस मिळून १३५० किलो धरता आले. उंची ८० सेंटीमीटर.

म्हणजे त्यांच्या गाडीला साधारण पाच मीटरला एक मीटर चढ चालेल, असं मी फोनवरच हिशोब करून सांगितलं.

"ते सपाटीला ३६ हायत तवर, सर," तो म्हणाला. तो काटा सोडून वहीत आकडे लिहीपर्यंत वडिलांनी जू खांद्यानं उचलून बघितलं होतं, दोन मोळ्या मागं सारल्या होत्या आणि बैल जुपून गाडी हाकलीसुद्धा होती.